जिनिंगची अर्धी गच्ची

अण्णा,

पंचमीची साडी मिळाली. तिच्या घडीत ठेवलेलं हक्कसोडपत्रही मिळालं. रंग छान आहे. सही मी करणार नाही.

आपलं बंद पडलेलं जिनिंग पाडून तिथं मंगल कार्यालय बांधायचं, हे तू पुण्यात बसून ठरवलंस. मी इथं जिंतुरात, त्याच जिनिंगच्या गोदामाच्या माझ्या वाट्याच्या अर्ध्या गच्चीवर, दोन घरं बांधायला काढलीत. एक माझं आणि दुसरं बायनाबाईचं. वीस वर्षं तिनं आपल्या यंत्रात कापूस घातला. आवारातली तिची खोली तुझ्या कार्यालयाच्या पार्किंगमध्ये जाते, हे तुला ठाऊक होतं.

स्लॅब भार घेणार नाही, असं तुझा इंजिनिअर म्हणाला. मी दुसरा आणला, त्यानं तपासून होकार दिला. बायनाबाई तर हसायलाच लागली. "ताई, ह्याच छतावर आमी गाठींची थप्पी लावायचो. माझी चार भांडी त्याला जड व्हायलीत व्हय? तुमच्या अण्णाला व्हायली असतील."

आप्पांनी कॉलमच्या सळया गच्चीवर उभ्या सोडल्या होत्या, पुढं मजला चढवता यावा म्हणून. तो मुलानंच चढवावा, असं काही ते सांगून गेले नाहीत.

तुझा कागद परत पाठवला असता. पण मिस्त्रीनं त्याच्या कोऱ्या बाजूवर जिन्याची मापं लिहून घेतलीत आणि आता त्याला तो रोज लागतो.

हे पत्रही मी पोस्टात टाकणार नाही. वाचायचं असेल तर जिना चढून ये. तुझीच साडी नेसून चहा करीन.

तुझी बहीण आणि अर्ध्या गच्चीची मालकीण,
त्रिवेणी