निळी थोरली, पिवळी धाकटी

प्रिय ठमे,

प्रयोग संपल्यावर तू धावत येऊन "बाबा, रंग कसे वाटले?" विचारलंस आणि मी नुसतं "बरे होते" म्हणून नाक पुसत उभा राहिलो. तुझी आई घरी येईपर्यंत मला बोलत होती. आज नीट सांगतो.

लाल आणि हिरवं मला वेगळं दिसत नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक. त्यापायीच वायरमन व्हायचं राहिलं आणि सुतार झालो. पण नाटकाला मी का टाळाटाळ करतो, ते कधी बोललो नाही. हल्ली निम्मी गोष्ट रंगच सांगतात. उजेड बदलला की सगळं थिएटर श्वास रोखतं आणि मी बावळटासारखा इकडेतिकडे बघतो. आई कानात सांगायला लागली की मागचे लोक खेकसतात. प्रकाशयोजनेचं तुझं पहिलंच काम म्हणून आलो, खरं तर मन मारूनच.

आणि काय सांगू! थोरली बहीण गडद निळी, धाकटी पिवळीधमक. भांडून दोघी पाठ फिरवून बसल्या, आणि धाकटीकडचा पिवळा उजेड जमिनीवरून सरकत सरकत थोरलीच्या पायांशी आला. कुणी अवाक्षर काढलं नव्हतं, पण समेट झाला हे मला कळलं. आईच्या आधी कळलं! मीच तिच्या कानात सांगितलं. शेजारच्या गृहस्थांनी डोळे वटारले, तर त्यांनाही सांगून टाकलं, "रंग आमच्या लेकीचे आहेत."

हे कुणासाठी केलंस ते तू बोलली नाहीस. मीही विचारत नाही.

काल तुमच्या दिग्दर्शकांचा फोन आला. नाटक मोठ्या थिएटरात जायचंय, पण नव्या निर्मात्यांना बहिणी लाल-हिरव्या हव्यात आणि तू अडून बसली आहेस. "तुम्ही समजवा, तुमचं ऐकेल ती," म्हणाले. म्हणून हे पत्र. तर समजावतो: तसूभरही हलू नकोस. त्यांनाही मी तेच सांगितलं, आणि का तेही सांगितलं. परक्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदाच, पण जराही लाज वाटली नाही. मग तेच म्हणाले, निर्मात्यांसमोर बोलाल का? उद्या सकाळी निघतोय. आई शर्टाला इस्त्री करतेय.

तुझाच, मान ताठ करून फिरणारा,
बाबा