पंचवीस अक्षरांची जागा

४ ऑक्टोबर १९९२, रविवार
मिस्सानंतर फादरना शब्द दिला. दोन नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, कबरस्थानात वाचायची वर्षभरातली नावं यंदा मी ऑफिसच्या पीसीवर छापून देणार. नाव वाचलं की घरच्यांनी मेणबत्ती लावायची, ही आमच्या गावची रीत. यंदा यादीत पप्पा आहेत. आईने मेणबत्ती आत्ताच आणून ठेवलीय.
पप्पा गेले तेव्हा मी ऑफिसात प्रोग्राम दुरुस्त करत बसलेलो. तासाभरात येतो, असं फोनवर सांगितलेलं. निदान हे तरी नीट करणार.
प्रोग्रामची भाषा: सी. दुसरा विचारच नाही.

११ ऑक्टोबर
मावसबहीण एडना आलेली. डोंबिवलीत कॉम्प्युटर क्लासमध्ये पास्कल ही भाषा शिकवते, त्यामुळे स्वभावही तसाच झालाय. म्हणाली, पास्कलमध्ये कर, जागेपेक्षा मोठं काही घातलंस तर ती तिथेच थांबवते. मी म्हटलं, मला थांबवणारी भाषा नको. सी प्रोग्रामरला मोठा माणूस समजते. सांगाल ते निमूट करते.
एडनाचं उत्तर: "लिओ, निमूट करते म्हणूनच भीती वाटते रे."
बायका घाबरट. (आईला हे ऐकवलं नाही.)

१८ ऑक्टोबर
प्रोग्राम तयार. प्रत्येक नावाला पंचवीस अक्षरांची जागा, एकाला लागून एक. एडनाने फोनवर पुन्हा विचारलं, नावाची लांबी तपासतोस ना? एका ओळीचं काम. उद्या टाकतो म्हटलं.

१९ ऑक्टोबर
टाकली नाही. लाईट गेलेली.

२६ ऑक्टोबर
दिवाळीची सुट्टी. टाकली नाही. आणि कशाला? नावं मीच टाईप करणार. मला मोजता येतं.
सगळी एकतीस नावं घातली. पप्पांचं नाव स्क्रीनवर पाहिलं. मग छापून आणून आईला दाखवलं. इंग्रजी अक्षरं ती वाचत नाही, पण मी दाखवलेल्या ओळीवर तिने बोट ठेवलं आणि तसंच ठेवून बसली.

१ नोव्हेंबर, रविवार
आईची ऐनवेळची सूचना. जॉर्जिना परेरा नावाच्या दोघी यंदा गेल्या. नुसतं नाव वाचलं तर कोणाची मेणबत्ती, ते कसं कळणार? आमच्या शेजारची जॉर्जिना आजी गावाला मिठागरवाली म्हणूनच माहीत. ते घाल म्हणाली.
ऑफिसची चावी आणली. पास्कल असती तर इथे अडून बसली असती. सीने हू की चू केलं नाही. दोन मिनिटांत 'मिठागरवाली' जोडलं, छापलं, जाताजाता फादरना दिलं. पुन्हा वाचायची गरज नव्हती, बदल एकाच नावात होता.
एडनाला मुद्दाम फोन करून सांगितलं.

२ नोव्हेंबर, सोमवार
जॉर्जिना परेरा मिठागरवाली. तिच्या मुलीने मेणबत्ती लावली. आजी पप्पांच्या दोन दिवस आधी गेलेली, म्हणजे पुढचं नाव पप्पांचं. आईने काडी ओढली.
फादर क्षणभर थांबले आणि तिसऱ्याच कोणाचं नाव वाचलं.
आई काडी धरून उभी. बोटाला चटका बसेपर्यंत. मग पुढच्या प्रत्येक नावाला मान वर करायची. शेवटच्या आमेनपर्यंत.

३ नोव्हेंबर
फादरकडून कागद आणला. आजीचं नाव पूर्ण छापलंय. त्याखाली, पप्पांच्या जागी, फक्त 'वाली'. इंग्रजीत, मधल्या मोकळ्या जागा धरून, 'मिठागर'पर्यंतच पंचवीस अक्षरं भरली, उरलेली शेजारी पप्पांच्या जागेत घुसली आणि सीने पप्पांचं नाव तिथेच संपलं असं धरलं. फादरना वाटलं, छपाईची गडबड असेल, म्हणून सोडून दिलं.
छपाईची गडबड असूही शकते. आमचा प्रिंटर जुना आहे.

४ नोव्हेंबर
प्रिंटर ठीक आहे.

५ नोव्हेंबर
आईने विचारलं, "पप्पांचं नाव कोणी काढलं रे?"
कॉम्प्युटरने, असं म्हणणार होतो. म्हटलं, मी. चुकून.
ती रागावली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "तू कामात असतोस."
ऑफिसात जाऊन लांबी तपासायची ती ओळ टाकली. दोन मिनिटं लागली.
रात्री आईने या रोजनिशीतलंच एक कोरं पान मागितलं. पप्पांचं नाव स्वतःच्या हाताने लिहिलं, मोठ्या अक्षरात, आणि घडी घालून मेणबत्तीच्या खोक्यात ठेवलं. पुढच्या वर्षी फादरना स्वतः देणार म्हणाली.
मी देतो म्हटलं, तर नको म्हणाली.