उंचीच्या रकान्यातली पाचवी ओळ

३ फेब्रुवारी, मंगळवार

सॉफ्टवेअर उघडलं. म्हणजे उघडता आलं! मागच्या तासाला पासवर्डातच अडकलो होतो. संख्याशास्त्राच्या या प्राथमिक वर्गात पन्नाशीकडे झुकलेला मी एकटाच. पाणी शुद्धीकरण केंद्राच्या प्रयोगशाळेत बाटल्या धुण्यापासून वर आलो. आता साहेब म्हणतात, नोंदी संगणकावर ठेवायच्या तर हे शिका. शिकतो.

मॅडम माझ्या मुलीच्या वयाच्या. "काका, माऊस नुसता धरा, गळा नका दाबू त्याचा."

गृहपाठ — घरातल्या माणसांच्या उंच्या भरायच्या, सरासरी काढायची. एका माणसाला एक ओळ.

४ फेब्रुवारी, बुधवार

मोजमाप झालं. आई भिंतीला टेकून उभी राहिली. म्हणाली, "आता काय मोजतोस, मी तर खालीच चाललेय." मुलगी टाचा उचलत होती, पकडली. बायको — "अंबाडा धरायचा की सोडायचा?"

पाचवी ओळ मुलाची. तो इथे नसतो. चारेक वर्षांपूर्वी शिक्षण अर्धवट टाकून ट्रकवर निघाला. मी म्हटलं, जातोस तर जा. गेला. तेव्हापासून त्याचं-माझं बोलणं नाही. जाताना माझ्या कानाला लागत होता. आता किती, कोण जाणे.

गावच्या शाळेत गुरुजींचा दंडक होता — उत्तर येत नसेल तर शून्य लिहा, पण कोरी पाटी दाखवू नका. शून्य लिहिलं.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

सरासरी एकशे सव्वीस सेंटिमीटर! मॅडम वाकून बघत म्हणाल्या, "काका, घरी बालवाडी चालवता का?" मग पडद्यावरच्या खालच्या आकड्यावर बोट ठेवलं — सर्वांत कमी उंची, शून्य. "हा कोण बरं? चटईखाली राहतो?"

वर्ग हसला. मीही हसलो. म्हटलं, मुलगा आहे. बाहेरगावी असतो. उंची ठाऊक नाही.

त्या म्हणाल्या, "माहीत नाही म्हणजे शून्य नव्हे, काका. जागा रिकामी ठेवा."

७ फेब्रुवारी, शनिवार

घरी मुलीच्या लॅपटॉपवर जागा रिकामी ठेवली. सरासरी लगेच सुधारली, एकशे अठ्ठावन्नाच्या आसपास. खाली बारीक अक्षरांत संदेश — एक नोंद वगळली.

बायकोला दाखवलं. तिने चष्मा लावून वाचलं. "हे यंत्राने वगळलं की तुम्ही?"

जेवणानंतर भांडी जरा जोरातच वाजत होती.

८ फेब्रुवारी, रविवार

दर रविवारी बायको गॅलरीत जाऊन मुलाशी फोनवर बोलते. मला ठाऊक आहे, हे तिलाही ठाऊक आहे. आज म्हटलं, बोलता बोलता उंची विचारून घे.

"गणित तुमचं. विचारायचं तुम्ही."

१० फेब्रुवारी, मंगळवार

मॅडमनी तोडगा काढला. रिकाम्या जागी बाकीच्यांची सरासरी भरता येते. "एका बटणाचं काम आहे, काका. सगळेच करतात."

बटण दाबलं. मुलगा एकशे अठ्ठावन्नाचा झाला. आजी, आई, बहीण आणि मी — चौघांना घुसळून काढलेला! माझ्याहून बुटका. एकही नोंद वगळली नाही, तक्रारीला जागा नाही.

पुसून टाकलं. मॅडम एवढंच म्हणाल्या — "शुक्रवारी गृहपाठ द्यायचाय हं."

११ फेब्रुवारी, बुधवार

सकाळी प्रार्थनेला बसलो, डोळे मिटले तर तोच रकाना. देवाच्या मोजणीत वगळलेलं कुणी नसावं. नाहीतर आमचं कठीण आहे.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

फोन केला. नंबर मी मागितला नव्हता. चहाच्या कपाशेजारी बायकोने स्वतःचा मोबाइल ठेवला, नंबर काढून, आणि आत निघून गेली.

"हं, आई, बोल."

"मी आहे."

मागे इंजिनचा आवाज होता. तो बंद झाला. "आजीला काही झालं का?"

"नाही. ठणठणीत आहे. तुझी उंची किती?"

"काय?"

"उंची. अभ्यासाला पाहिजे."

"बाबा, तुम्ही अभ्यास करताय?" हसला असावा. खात्री नाही. मग म्हणाला, "मला नाही माहीत. कधी मोजलीच नाही."

"बरं."

मग तोच — "घरात टेप आहे का?"

"आहे."

फोन बंद झाला. त्याने ठेवला की मी, सांगता येत नाही. बायको दाराआडच उभी होती.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

गृहपाठ दिला नाही. म्हटलं, मॅडम, एक आकडा यायचाय. "सोमवारपर्यंत थांबते, काका. पुढे मार्क जातील."

गेले तर गेले.

१५ फेब्रुवारी, रविवार

पाचवी ओळ भरली. त्याच्या डोक्यावर पट्टी आडवी धरायला मला स्टुलावर चढावं लागलं.