सिंह, प्रमाण एकास पाच

सोलापूर,
ता. ९ एप्रिल १९७४

तीर्थस्वरूप कुंडलिकमामा यांच्या चरणी गोजरचा साष्टांग नमस्कार.

मी इकडे बरी आहे. (बरी म्हणजे ताप नाही, खोकला नाही, दोन्ही वेळा जेवते. याहून अधिक अर्थ काढू नये.) तुमची कंबर, मामींचे दात आणि आईची झोप यांची खुशाली वेगवेगळी कळवावी. मागच्या पत्रात तुम्ही तिन्ही मिळून "सर्व ठीक" लिहिलेत, त्यावरून कोणाचे काय ठीक ते समजले नाही.

केमच्या स्टेशनावर तुम्ही मला इंजिनेर म्हणून सांगता, असे ऐकते. मी ड्राफ्ट्समन आहे, तीही सूतगिरणीत, तीही एप्रिलअखेरपर्यंत हंगामी. त्यानंतर कायम करायचे की घरी पाठवायचे, ते चेअरमनसाहेब ठरवणार. म्हणून फेब्रुवारीत त्यांनी गिरणीच्या नव्या कमानीसाठी "विलायतेतल्या राजांचं असतंय तसलं" चिन्ह काढायला सांगितले, तेव्हा मला येत नाही असे मी म्हटले नाही. खाली ढाल, ढालीवर सिंह, सर्वांत वर नावाची पट्टी. आजवर मी मोऱ्या, जिने आणि गोदामे काढली आहेत. जिना चिडलेला आहे की शांत, असे कोणी विचारत नाही.

मंगळवार बाजारात रद्दीवाल्याकडे या विद्येवरचे एक इंग्रजी पुस्तक मिळाले. मधली पाने वाळवीने खाल्ली होती, पण सिंहाचा धडा शाबूत होता. तिकडचा सिंह मागच्या एका पायावर उभा राहतो. तीन पाय हवेत, जीभ बाहेर, शेपूट पाठीवर. (त्याचा गुरुत्वमध्य मी काढून पाहिला. तो पावलाच्या बाहेर पडतो. खरा सिंह असा उभा राहिला तर तोंडावर आपटेल. पुस्तकाला त्याचे काही नव्हते.) पहिला सिंह मी कंपासने काढला, तर त्याचे सगळे सांधे बिजागरीसारखे आले. दुसरा नुसत्या हाताने काढला, त्याला मान आली ती उंटाची. तिसरा साहेबांना दाखवला. ते म्हणाले, "गोजरबाई, सिंह चिडलेला पायजे. ह्यो तर रजेचा अर्ज घिऊन आल्यागत उभा हाय की." चौथ्याच्या भुवया मी खाली ओढल्या. "आता अर्ज नामंजूर झाल्यागत दिसतोय." असे अकरा सिंह झाले. अकरावा मंजूर झाला. तो चिडलेला होता म्हणून नव्हे, साहेबांना पुण्याची गाडी गाठायची होती म्हणून.

रंग साहेबांनी जाता जाता सांगितले: सिंह सोनेरी, ढाल हिरवी, पट्टी निळी. आता ब्लूप्रिंटवर रंग दिसत नाहीत. पण पुस्तकात त्याचीही सोय होती. एकाच शाईत काढायचे असेल तर सोनेरीला ठिपके, हिरव्याला तिरक्या रेघा, निळ्याला आडव्या. मामा, या सबंध विद्येत मला मनापासून पटलेली ही एकच गोष्ट. मी दोन दिवस नुसते ठिपके दिले. एकही ठिपका शेजारच्याला चिकटला नाही. इतके स्वच्छ काम मी परीक्षेतही केले नव्हते. प्रमाण एकास पाच लिहिले, मापे लिहिली, काँक्रीट लागलेच तर सिमेंट, वाळू, खडी एकास दोनास चार असेही लिहिले, खाली सही केली आणि नकाशा चनमल्लप्पांच्या हाती देऊन जेऊरला गोदामाच्या मोजणीसाठी गेले.

चनमल्लप्पा हे दुधनीचे मिस्त्री. वय साठीच्या आसपास. नकाशात नाही ते करत नाहीत आणि आहे ते सोडत नाहीत. आणि बांधकामाच्या नकाशात ठिपके म्हणजे काँक्रीट, तिरक्या रेघा म्हणजे विटा आणि आडव्या रेघा म्हणजे पाणी. (हे मला दोन वर्षे शिकवले आहे. त्या प्रश्नाला पैकीच्या पैकी गुण आहेत. सही करताना ते आठवले नाही.)

तीन आठवड्यांनी परत आले तो कमान उभी. ढाल उघड्या विटांची. सिंह काँक्रीटचा, आतून सळया घातलेला, जिभेतसुद्धा. आणि त्याच्या डोक्यावर, जमिनीपासून अठरा फुटांवर, नावाच्या पट्टीच्या जागी नऊ फूट लांबीचा हौद. आतून घोटून गिलावा केलेला. पाणी भरून गळती तपासून झाली होती. गळत नव्हता. चिमण्या आंघोळ करत होत्या.

"बाई, पानी कुटनं आनायचं तेवढं नकाशात दिसंना," चनमल्लप्पा म्हणाले. "बाकी समदं तुमच्या मापात हाय. टेप लावून बघा की."

मी टेप लावला. एका सुताचाही फरक नव्हता.

साहेबांनी मान वर करून हौद पाहिला. मग म्हणाले, "राजाचं चिन्ह म्हटलं हुतं, जनावराचा पानवठा न्हाय." चनमल्लप्पांना त्यांनी जागच्या जागी कामावरून कमी केले. मला म्हणाले, नकाशा बरोबर होता, चूक मिस्त्रीची, असे उद्या अकराच्या आत लेखी द्या आणि कायमची ऑर्डर घेऊन जा. चनमल्लप्पा तिथेच उभे होते. त्यांनी ब्लूप्रिंट मूळच्या घड्यांवर नीट घातली आणि मला परत दिली.

याबाबत मला सल्ला नको आहे. माहितीसाठी कळवले. मामींना नमस्कार सांगावा.

आपली भाची,
गोजर

ता. क. (बुधवार) सल्ला नको म्हटले, कारण काल लिहितानाच ठरले होते. आज दिले ते असे: "नकाशात रेघांचा खुलासा दिलेला नाही. चूक ड्राफ्ट्समनची. मिस्त्रीचे काम नकाशाबरहुकूम." साहेबांनी वाचले, खिशात घातले, जा म्हणाले. तेव्हा महिनाअखेरीस मी ट्रंक घेऊन केमला येईन. पत्राचे खरे कारण हे, की आईला तुम्ही सांगावे. मी सांगितले तर ती रडेल, आणि मला समोर बसून बघावे लागेल.

ता. क. दुसरा (गुरुवार) वरचे खोडलेले नाही, कारण मी खोडाखोड करत नाही. पत्र टाकायला निघाले तर साहेबांनी बोलावले. टेबलावर दोन कागद. एक माझा. दुसरा चनमल्लप्पांनी वॉचमनकडून लिहवून घेतलेला, खाली कानडीत सही: "बाईंचा नकाशा बरोबर. चूक माझी." साहेब म्हणाले, "एका सिंहाला दोन गुन्हेगार! मी आता कुनावर वरडू?" तिकडे साहेबांच्याच हुकमावरून सकाळपासून दोन गडी सिंह फोडत होते. घणाचे दोन दांडे मोडले. सिंहाचा एक कान टवका उडून जरा बारीक झाला. साहेबांनी खिडकीतून ते पाहिले आणि काम थांबवायला सांगितले. सिंह राहणार, रंगवणार. चनमल्लप्पा कामावर आहेत. मला कायम केलेले नाही, सहा महिने वाढवून दिले आहेत, कारण कमानीच्या आतल्या अंगाला, गिरणीतून घरी जाणाऱ्यांना दिसेल असा, आणखी एक सिंह हवा आहे. हसरा.

तेव्हा आईला काही सांगू नये. पण तुम्ही माझी पत्रे तिच्याजवळ बसून मोठ्याने वाचता, म्हणजे एव्हाना ती रडत असणार. तिला हा दुसरा ता. क. पुन्हा एकदा सावकाश वाचून दाखवावा. गोजर येत नाही म्हणूनही ती रडेल. ते चालेल.