दाढी भाड्याची, आवाज घरचा

९ डिसेंबर

दाढी! मनुष्यजातीने आजवर ज्या ज्या यातना शोधून काढल्या, त्यांत कृतक श्मश्रूला अग्रपूजेचा मान द्यावा, असं माझं पूर्ण विचारांती मत झालं आहे. नायलॉनची. कानांमागे इलॅस्टिकने अडकणारी. आणि माझ्या आधी जो कोणी तिच्यात राहून गेला, तो कांद्याचा शौकीन असणार. धुतलेली नाही. "धुतली की तिचा गोळा होतो," असं क्रासिमिराबाईंचं म्हणणं. बाईंची एजन्सी. उन्हाळ्यात लग्नांना फुगे, हिवाळ्यात मुलांना नाताळआजोबा. अख्ख्या प्लोवदिव शहराला भाड्याने आजोबा पुरवणारी ही बाई स्वतःच्या नातवाला वर्षातून एकदा बघते. कोणी सांगितलं? तिनेच. अभिमानाने!

माझं पोट अपुरं ठरलं. उशी बांधली. मग म्हणाल्या, "जरा बोला बघू."

"काय बोलू?"

एवढंच बोललो, तर बाईंनी टाळ्याच वाजवल्या. "अहो मास्तर, हा आवाज कुठे लपवला होता? मागच्या वर्षी शाळेच्या घंटेसारखं बोलत होतात! आता कसं — खोल, जुनाट, बर्फातून चालत आल्यासारखं!"

लपवला नव्हता. ऑक्टोबरात आला आणि मुक्कामच ठोकून बसला. घसा म्हणजे गंजलेलं बिजागर. पण बाईंच्या मते ही कला. बरं, कला तर कला. विद्यापीठात संस्कृतला यंदा कोणी नाव घातलं नाही, तेव्हा निदान कुठेतरी माझ्या उच्चारांचं कौतुक होतंय.

घरी आलो. बूट काढतोय तोच स्वयंपाकघरातून नेवेना: "आहेस का?"

मी: "नाही!"

लग्नापासूनचा आमचा हा नित्यपाठ. ती विचारते, मी नाकारतो, की तिच्या भांड्यांचा आवाज पुन्हा सुरू. आज "नाही" मधेच फाटलं. भांडी जरा उशिराने वाजली.

१० डिसेंबर

दाढीत मसुराचं सूप. मालकिणीला कळवलेलं नाही.

१३ डिसेंबर

नळांच्या तोट्या बनवणाऱ्या कारखान्यात कामगारांच्या मुलांचा मेळावा. मुलं एकामागून एक समोर येऊन कविता म्हणतात, मग भेट मिळते. सगळ्यांची कविता एकच! बर्फ पडतो, झोपडीत दिवा, आई वाट बघते. तीच आई, तोच दिवा. आया भिंतीशी उभ्या राहून ओठ हलवतात. मुलगा अडला की आई अडते, आई अडली की बाप डोळे वटारतो — मुलावर नव्हे, माझ्यावर! एका कार्ट्याने दुसऱ्या कडव्यानंतर विचारलं, "एवढी पुरे का?" सबंध मेळाव्यातला हाच एक रसिक.

माझ्याबरोबर हिमकन्या असते. पांढरा झगा, चंदेरी मुकुट, आजोबांची लाडकी नात. ही नात, झ्लातिना, माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. तीस वर्षं ऑपेराच्या कोरसमध्ये दुसऱ्या रांगेत उभी होती आणि पहिल्या रांगेला अजून शिव्या देते. मुकुट सावरत म्हणाली, "ल्युबेन, तुझी नात म्हणून उभी राहते, हे माझे उपकार समज. कोणी विचारलं तर सांग, आमच्या घराण्यात लवकर लग्नं होतात."

शेवटी व्यवस्थापकसाहेब. "आजोबा, घ्या, थोडी राकिया! थंडीतून आलात!" फळांची कडक दारू ती; नको म्हटलं तर अपमान, घेतली तर घशात निखारा. घेतली. खोकलो. लोक खूश — "अगदी खरा म्हातारा!"

१६ डिसेंबर

डॉ. हाजिएव्ह यांचा फोन. गेल्या महिन्यात गपचूप घसा दाखवून आलो होतो.

"स्वरयंत्रावर गाठ आहे, हे मी तेव्हाच सांगितलं होतं. तुकडा काढून तपासायला हवा. ह्याच आठवड्यात या."

"ह्या आठवड्यात जमायचं नाही. हंगाम आहे."

"कसला हंगाम?"

"मी नाताळआजोबा आहे."

डॉक्टर: "धूर किती ओढता?"

"धुराड्यातून येतो तेवढाच."

हसले नाहीत. वैद्यकाच्या अभ्यासक्रमात हास्यरस नसावा. मग फार सरळ सांगितलं: गाठ साधी निघाली तर किरकोळ काम. तशी नसली तर बहुधा स्वरयंत्रच काढावं लागेल. "आणि मग?" मी विचारलं. "मग माणूस जगतो," ते म्हणाले.

नव्या वर्षात येतो म्हणालो. तीन तारीख त्यांनी लिहून घेतली, मी नाही.

नेवेनाला सांगितलं, सर्दी. तिने लिंडनच्या फुलांचा काढा केला, मध घातला, समोर बसून संपवायला लावला. "डॉक्टरकडे जाऊन ये," म्हणाली. "जाईन," म्हणालो. व्याकरणदृष्ट्या भविष्यकाळ निर्दोष होता.

१९ डिसेंबर

घरभेटी. नियम ठरलेला: जिन्याच्या वळणावर बाप चोरासारखा येतो, पोत्यात भेट कोंबतो, कानात सांगतो — "नाव मार्तिन, रात्री दात घासत नाही, तेवढं बोला." मग स्वतः घरात पळतो आणि आपण बेल वाजवली की दार उघडून आश्चर्यचकित होतो. ह्या देशात नट किती आणि नाटकं किती थोडी!

आज मात्र नट मी चुकलो. चौथ्या मजल्यावर दार उघडलं, समोर मुलगा, आजी, आईबाप सगळे. आणि मी खर्जात गर्जलो: "ओळखलंत का? मी गारठाआजोबा!"

गारठाआजोबा! कम्युनिस्टांच्या राज्यात नाताळ बंद होता तेव्हा नव्या वर्षाला यायचा तो. सरकारी. आमच्या लहानपणी तोच होता, दुसरा माहीतच नव्हता. पस्तीस वर्षांपूर्वी त्याला रजा दिली आणि नाताळआजोबांना परत बोलावलं. झगा तोच, दाढी तीच, बहुधा कांदाही तोच. तो माझ्या तोंडात कुठे दबा धरून बसला होता कोण जाणे!

बाप लालबुंद. "एजन्सीने कसला कॉम्रेड पाठवलाय हा?" आजीला मात्र रडूच फुटलं. "आलास होय रे! किती वर्षांनी!" असं म्हणत माझी बाहीच धरली. मग मायलेकांची जुंपली.

"आई, तो गेला! त्याचा जमाना गेला!"

"गेला कसा? हा काय उभा आहे! संत्री आणायचा वर्षातून एकदा. तू अर्धी सालसुद्धा खाल्ली होतीस, गाढवा!"

मार्तिनने मधल्या मधे पोत्यातून आपली भेट काढून घेतली आणि कविता न म्हणता खोलीत गेला. दातांचं राहिलंच.

निघताना आजी म्हणाली, "आवाज बसलाय रे तुझा. पूर्वी असा नव्हता."

२१ डिसेंबर

क्रासिमिराबाईंचा निरोप: 'आवाजाची फार वाहवा आहे. पुढच्या वर्षीसाठी आत्ताच तीन घरांनी विचारलंय.' पुढच्या वर्षीसाठी!

२२ डिसेंबर

मॉल. सोनेरी खुर्ची, प्लास्टिकची हरणं, एक हरिण बॅटरीवर मान हलवतं. सतत नकार देणारं ते एकटंच सुज्ञ. रांग सरकत्या जिन्यापर्यंत. एका बाईने कुत्रा मांडीवर दिला. कुत्र्याने कविता म्हटली नाही, एवढंच त्याचं सौजन्य.

दुपारी आवाज गेला. खोकला नाही, दुखलं नाही, दिवा विझावा तसा गेला. तोंड उघडतोय, वारा येतोय. जन्मभर फळ्यावर लिहून शिकवलं: ग आणि क, द आणि त, जिभेची जागा तीच, फरक फक्त गळ्यातल्या कंपाचा. त्याचं नाव घोष. तो काढा, सगळं अघोष. मुलं जांभया द्यायची. आज उदाहरण म्हणून मी स्वतःच उपलब्ध होतो आणि वर्गात एक कुत्रा!

झ्लातिनाने वेळ मारून नेली. मुकुट सारखा करून मोठ्याने गाऊ लागली — काय गाणं होतं देव जाणे, कोरसचा दुसरा आवाज, पहिल्याशिवाय. पण गर्दी थांबली, फोन वर झाले. पहिल्या रांगेत जायला बाईंना मॉल लागला.

परतताना गाडीत मुकुट मांडीवर घेऊन बसली.

"हा आवाज तू काढत नव्हतास."

मी खिडकीबाहेर बघितलं.

"इतके दिवस मला वाटलं, मास्तर काय नट निघाला! अरे गाढवा, हा तर तुझाच. दाखवलास का कोणाला?"

"सर्दी आहे," मी कुजबुजलो.

"माझ्या शेजारी उभा राहणारा बारिटोन गायक हेच म्हणायचा." असं म्हणून तिने मुकुट पिशवीत टाकला. अगोचर बाई!

२४ डिसेंबर

आवाज अर्धा परत. क्रासिमिराबाई म्हणाल्या, कुजबुजून करा, आज गूढच बरं दिसतं. केलं. पोरं घाबरली, आईबाप म्हणाले — किती वेगळी कल्पना!

शेवटचं घर. गेर्गाना नावाची मुलगी, पुढचे दात पडलेले. मी कुजबुजून विचारलं, कविता येते का? ती जवळ आली, दाढीखाली कान नेला. मग तीही कुजबुजली, "तुमचा घसा दुखतोय ना? मग मी हळू म्हणते." आणि तिने सबंध कविता, तोच बर्फ, तोच दिवा, वाट बघणारी तीच आई — इतकी हळू म्हटली की भिंतीशी उभ्या तिच्या आईला ऐकू आली नाही. आई सारखी ओरडत होती, "मोठ्याने! आजोबांना ऐकू येत नाही!"

मला सगळी ऐकू आली. कविता वाईटच आहे. पण वाटली तेवढी नाही.

संध्याकाळी घरी उपासाचं, म्हणजे बिनमांसाचं, जेवण: घेवडा, भरल्या मिरच्या, कोबीच्या पानांचे गुंडाळे, सुकामेव्याचा रस. जेवण संपेपर्यंत घरच्या बाईखेरीज कोणी उठायचं नसतं. नेवेना उठली की दर वेळी माझ्या मागून जाते, आणि आज दर वेळी तिचा हात माझ्या खांद्यावर. घसरायला होतंय म्हणाली. फरशी कोरडी होती.

२७ डिसेंबर

वेष परत केला. दाढी क्रासिमिराबाईंनी नाकाशी नेऊन हुंगली आणि माझ्याकडे असं बघितलं की जणू कांदा मीच!

१ जानेवारी

काल संध्याकाळी मेव्हणा तोदोर आणि त्याची बायको जेवायला. नेवेनाची बानित्सा: पापुद्रे, मधे चीज, आणि पापुद्र्यांत लपवलेल्या द्र्यान नावाच्या झाडाच्या कळ्या. ज्याला जी कळी येईल ते त्याचं वर्ष. शहरात आता लोक चिठ्ठ्या घालतात, त्यांत 'मोटार' आणि 'परदेश' निघतं. नेवेनाच्या गावची रीत जुनी: जोडकळी म्हणजे प्रवास, काटकीसकट असली तर घर, बारीक मिटलेली म्हणजे पीकपाणी, आणि टपोरी, फुगलेली, ती तब्येत.

ताट फिरवून प्रत्येकाने आपापला तुकडा घेतला. तोदोरने दातांखालून कळी काढली. टपोरी. "वा! तब्येत! मागच्या वर्षी घर आलं आणि छप्पर गळलं, त्यापेक्षा हे बरं." त्याच्या बायकोला टपोरी. मला टपोरी. नेवेनाने आपली बशीच्या कडेला ठेवली. टपोरी. मग घरासाठी ठेवलेला तुकडा तोदोरने आगाऊपणे फोडला — तीच!

"अगं नेवेने, बाकीच्या कळ्या काय मांजराने खाल्ल्या?"

"ह्या वर्षी फांदीवर एवढ्याच होत्या," ती म्हणाली आणि लोणच्याची वाटी आणायला उठली.

ती फांदी बाजारातून मीच आणली होती. सगळ्या तऱ्हेच्या कळ्या होत्या तिच्यावर. जोडकळ्या तर फार. मी मुद्दाम बघून घेतली होती.

तोदोर त्यावरून जेवण होईपर्यंत हसत होता. "एका घरात एवढी तब्येत! डॉक्टर उपाशी मरायचे!" मीही हसलो. हसण्याला घोष लागत नाही, हे नव्यानेच कळलं.

आज सकाळी केरात जोडकळ्या बघितल्या. कांद्याच्या सालींखाली मूठभर.

डॉक्टरचं तिला कोणी सांगितलं, विचारलं नाही. झ्लातिना असेल. किंवा कोणीच नाही. भिंतीपलीकडून "नाही" ऐकत इतकी वर्षं जिने काढली, तिला सांगायला कोण हवं?

२ जानेवारी

उद्या डॉ. हाजिएव्ह. नेवेना बरोबर येते आहे. मी काही बोललो नव्हतो. तिने दोघांचे कोट आधीच बाहेर काढून ठेवलेत.

मरणाची भीती वाटते का? थोडी. वर्गाची नाही, वर्ग तसाही रिकामाच. खरी भीती एवढीच आहे: ती स्वयंपाकघरातून विचारील, "आहेस का?" — आणि मी आहे की नाही हे बघायला तिला दर वेळी हातातलं काम टाकून उठून यावं लागेल.