घट्ट भोक, सैल हात

९ जानेवारी, शुक्रवार

बॉल घरंगळवून पिना पाडणाऱ्या आमच्या कॉलेजच्या बोलिंग संघासाठी पाच मुली जमवायला खरं काय लागलं, ते एकदा लिहून ठेवतो. एकोणीस फोन. चार घरांची स्वयंपाकघरं, आणि त्यातल्या तीन घरांत चीज घालून भाजलेले तेच बटाटे, पुन्हा वाढून घेऊन खाल्लेले. व्हॅन एकदा बर्फात खड्ड्यात गेली. माझ्या बायकोचे, लॉरेनचे, सात रविवार गेले. तिने ते मोजलेत, मी नाही. सहावी मुलगी मिळाली होती, ती सॉफ्टबॉलला पळाली.

म्हणजे बरोब्बर पाच. आमच्या सामन्यात एका गेमचे दहा डाव पाच जणींनी दोन-दोन वाटून घ्यायचे असतात. चार असल्या तर संघच नाही. खेळ विभागाच्या फायफरबाईंनी शांतपणे सांगितलंय: एकवीस फेब्रुवारीच्या स्पर्धेत शेवटच्या गेमपर्यंत पाच जणी उभ्या दिसल्या, तर पुढल्या वर्षी बोलिंग राहील. नाहीतर बॉल सोडायच्या त्या दोन लेनच्या भाड्याचे पैसे पोहण्याच्या संघाला.

पाचही बॉलना बोटं आणि अंगठा घालायची भोकं मीच माझ्या दुकानात पाडून दिलीत. बाराव्या वर्षी पिना उभ्या करण्यापासून सुरुवात केलेला माणूस मी. एकतीस वर्षं भोकं पाडतोय. एकही बॉल माझ्या काउंटरवर परत आलेला नाही!

१४ जानेवारी, बुधवार

आज लेनकडे पाठ करून कॉफी घेत बसलो आणि फक्त ऐकलं. अंगठा वेळेवर सुटला की बारीक 'पुक्' होतं आणि बॉल लाकडावर अलगद उतरतो. अडकला की 'धप्प'. मागे न बघता सांगत गेलो, ही जोलीन, ही ब्रिट्टा. जोलीन आमची कॅप्टन. म्हणाली, "कोच, तुमच्या पाठीलाही शिट्टी द्यायला हवी."

सगळ्यांत जास्त 'धप्प' ब्रिट्टाचे.

२८ जानेवारी, बुधवार

ब्रिट्टाच्या अंगठ्यातून रक्त आलं. तिच्या घरी साठ गाई आहेत. पहाटे साडेचारला गोठा, मग कॉलेज, मग आमचा सराव. म्हणाली, बादल्या उचलून अंगठा सुजतो, भोक घट्ट लागतं. मी नेहमीचं सांगितलं: भोक घट्ट असलं की हात सैल राहतो. सैल भोकाला माणूस आवळून धरतो, आणि आवळलं की संपलं. तुझा प्रॉब्लेम अंगठ्यात नाही, मनात आहे. तुला बॉल सोडायची भीती वाटते.

तिने ऐकून घेतलं. ऐकून घेणारी पोर आहे.

७ फेब्रुवारी, शनिवार

चौदा संघांत तेरावे. ब्रिट्टाला शेवटी ठेवलं होतं, पाचवा आणि दहावा डाव तिचा, कारण पोरीच्या हातात ताकद आहे. चार वेळा बॉल लेनच्या कडेच्या गटारीत. परतताना व्हॅनमध्ये मागून जोलीन म्हणाली, चौदाव्या संघाची बस वाटेत बंद पडली होती म्हणे, म्हणून आपण तेरावे. ब्रिट्टाही हसली. हसताना अंगठा तोंडात धरला होता तिने.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

ब्रिट्टा आली नाही. फोन तिच्या आईने घेतला. "ती गोठ्यात आहे," एवढंच. दुपारी तीन वाजता!

चार.

१५ फेब्रुवारी, रविवार

चर्च सुटल्यावर तसाच तिच्या घरी गेलो. वडील, हाल्वर म्हणून, दारातच म्हणाले, तुम्ही पोरीला घरी पाठवता तेव्हा ती एकाच हाताने काम करण्याजोगी उरलेली असते. बरोबरच होतं.

ब्रिट्टा गोठ्यात होती. मला बघून बादली खाली ठेवली नाही.

"मी नसले की संघ बंद पडतो, हे माहीत आहे मला," ती म्हणाली. "तेच रोज डोक्यात घेऊन बॉल उचलते. नाही जमत, कोच."

मग मला एकदम सुचलं. तिच्या हातातल्या बादलीकडे बोट दाखवलं. म्हटलं, ही झुलव, आणि पुढे आली की हात उघड. फेकू नकोस, नुसती जाऊ दे. पंधरा-वीस वेळा केलं. रिकामी बादली काँक्रीटवरून घसरत जायची, गाई माना वळवून बघायच्या. शेवटी शेवटी काय सुंदर सुटत होती! ती म्हणाली, बघते. मी म्हटलं, बघ.

येताना गाडीत गात होतो, असं लॉरेनला सांगितलं. ती म्हणाली, गोठ्यात गाणं झालं नाही, गाई वाचल्या.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

आली! पाठ करून बसलो. पुक्. पुक्. पुक्. बावीस मोजले, त्यात एकच धप्प. बादली!

२१ फेब्रुवारी, शनिवार

सहावे. चौदांत सहावे. शेवटच्या गेमच्या दहाव्या डावात ब्रिट्टाला दोन पिना उरल्या, लांब लांब. तिने बॉल उचलला, अंगठ्याकडे पाहिलंही नाही. दोन्ही पाडल्या. पाचही जणी एकमेकींच्या गळ्यात. हाल्वर मागच्या बाकावर टोपी घालून बसले होते. टोपी काढली आणि परत घातली. फायफरबाईंनी तळलेलं चीज खात खात सांगितलं, पुढल्या वर्षी सहा मुली शोधा.

२२ फेब्रुवारी, रविवार

चर्चमधल्या कॉफीला बादलीची गोष्ट तीन जणांना सांगितली. लॉरेन म्हणते, पाच.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

ड्रिलचं पातं तुटलं, म्हणून बावीस मैलांवर अर्विडकडे मागायला गेलो. तोही बॉलना भोकं पाडतो. पातं काढता काढता विचारलं त्याने, ती गोठ्यातली पोर जिंकली का? म्हटलं, तुला कशी माहीत? म्हणाला, स्पर्धेच्या आधीच्या सोमवारी आली होती, बर्फ पडत असताना. अंगठ्याचं भोक मोठं करून दिलं. दहा मिनिटांचं काम.

"कोचना सांगू नका म्हणाली. बादलीवर फार जीव आहे म्हणे तुझा."

मी हसलो. म्हटलं, एकतीस वर्षांत माझा असा हा पहिलाच बॉल.

अर्विडने पातं कागदात गुंडाळून दिलं. म्हणाला, तुझ्या दुकानातले बॉल आठवड्याला एक-दोन येतात.