चार-दहाची पिकअप

५ मे

आधी टपकली ती डॅग्नी! पोरांच्या गाडीची धूळ फाटकाशी दिसते न दिसते तोच शेजारीणबाई मागच्या दाराने आत, हातात रिकामी थाळी. म्हणे, "सफरचंदाचा वास आला." वास! अजून भट्टीसुद्धा पेटवली नव्हती मी.

मग माझी नात मारित आली, आणि तिचा नवरा कोडी. काय आनंद झाला! बटाट्यात दोनदा मीठ पडलं. सगळेच पाणी फार प्याले.

पोरं मला समुद्राला नेणार! पिकअपला कॅम्पर, ते चाकांवरचं घर, जोडायचा, डोंगर ओलांडायचा. माझा ऑर्व्हल होता तोवर त्याच्याबरोबर जायचं ते राहूनच गेलं. कोडीला म्हटलं, आमच्या पिकअपचा मागचा अ‍ॅक्सल चार-दहाचा आहे, काळजी नको. चाक एकदा फिरायला इंजिनाकडून येणारा दांडा चारदा फिरतो, वर थोडा. ओढायला बैल, पेट्रोल मात्र ढसाढसा. ऑर्व्हलचेच शब्द. लग्नात माझं नाव चुकला होता, पण हा आकडा कधी नाही.

६ मे

कॅम्पर जोडून चर्चमागचा चढ चढून बघितला. पिकअपला धापच लागली! कोडी म्हणाला, "आजी, ही चार-दहा नाही."

मला राग आला. "अ‍ॅक्सलवरची पट्टी वाच की!" पट्टीवर चार-दहाच. मग त्यानं मागची दोन्ही चाकं उचलली, मधल्या दांड्यावर खडूची खूण केली. दोघांनी मिळून चाकं एक फेरा फिरवली. मोजत होते मीच, मोठ्यानं. एक, दोन, तीन... साडेतीनसुद्धा पुरते नाहीत.

"हे लांब सपाट रस्त्याचे गियर, आजी. पेट्रोल वाचतं, ओढत नाहीत. आणि मीटर अजून जुन्याच गियरचं धरून चाललंय, मैल कमी दाखवतं."

तेव्हा आठवलं. बिलिंग्जचं हॉस्पिटल एकशे चाळीस मैल. ऑर्व्हलच्या शेवटच्या हिवाळ्यात मीटरवर यायचे एकशे सतरा. मी विचारलं तर ऑर्व्हल म्हणाला, "म्हातारे, रस्ता आखडला थंडीनं." किती हसले होते मी!

७ मे

डॅग्नी आली, बसली नाही. "गियर आमच्या शेडमधे बदलले. माझ्या नवऱ्यानंच, ईव्हारनं. दोन वर्षांमागच्या एप्रिलात. ऑर्व्हलनं शपथ घातली होती गं मला."

एप्रिल! मला आपलं दुखणं सांगितलं त्यानं ऑक्टोबरात. तोवर गुरांच्या बाजाराला जातो म्हणायचा, एकटाच — आणि जात होता हॉस्पिटलात. फेऱ्या खूप होणार म्हणून पेट्रोल वाचवलं त्यानं.

आणि मी? तो अख्खा उन्हाळा कॅम्परचे पडदे शिवत होते! कापडाचं टोक धरून समोर बसायचा. "निळंच घे, समुद्राला शोभेल." ओढायचे गियर काढून बसलेला माणूस! जायचं नाही हे ठाऊक असून मला शिवू दिलं. शिव्या तरी कुणाला घालू आता.

मारितला म्हटलं, पिकअप घेऊन जा. समुद्र नको मला.

८ मे

पडदे उसवायला घेतले. एकच झाला.

९ मे

पोरं निघाली तोच डॅग्नी मागच्या दारात. थाळी नाही, चरबीचा जुना डबा, दोन्ही हातांत पेलेना. "सापडत नव्हता गं, ईव्हारची शेड तुला ठाऊक आहे! ही गियरांचं विचारेल तेव्हा दे, म्हणाला होता ऑर्व्हल. तू विचारलंच नाहीस, बये!"

आत ते जुने ओढायचे गियर, क्राउन-पिनियन, वंगणात बुडवलेले, निळ्या कापडात गुंडाळलेले. माझ्या पडद्याचा तुकडा! हात पुसायला म्हणून मागून नेला होता. वर त्याच्या हातची चिठ्ठी — "डोंगर चढायच्या आधी हे परत बसवा. तिला समुद्र दाखवा."

कोडी पिकअपबरोबर डबाही घेऊन गेला, बसवून आणतो म्हणाला. चौदा जूनला येतो म्हणालीत पोरं. शनिवार. एक पडदा परत शिवायचा आहे.